त्या गोळ्या तुम्हाला कडू नव्हत्या

वहिनी, आज आपल्या घराची पाळी होती. पंधरवड्याची भेट काही माझ्यासाठी थांबत नाही. पिशवीत रक्त घ्यायच्या काचपट्ट्या, सुया, कापूस आणि गोळ्यांचा डबा घेऊन मी गल्लीच्या तोंडापासून एकेक घर घेत आलो आणि आपल्या उंबऱ्याशी उभा राहून सवयीनं विचारलं, "ताप हाय का कुणाला?" आतून कोणी बोललं नाही. मग ध्यानात आलं की उत्तर देणारं माणूस गेलं आणि काल आम्ही त्याचं तेरावं घातलं.

दहा वर्षं तुम्ही एकच उत्तर देत आलात. चुलीपुढून, मानसुद्धा न वळवता. "हाय की. एकच हाय, दारात हुबा ऱ्हायलाय."

पहिल्यांदा मला राग आला होता. गावात मी हिवतापवाला म्हणून ओळखला जातो, पोरं बोटाला सुई टोचेल म्हणून मला बघून माळावर पळतात, आणि घरात माझी ही किंमत. पुढं पुढं मात्र ते ऐकल्याशिवाय मला दाराशेजारी भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख घालवेना. ती चौकट सरकारी. भेट झाली की तारीख लिहायची, सही करायची, पुढच्या घराकडे निघायचं. आज तारीख घातली आणि सही करताना हात थांबला. केली शेवटी. अक्षर बिघडलंय, पण वरून तपासायला येणाऱ्याला त्यातलं काय कळणार.

तुम्हाला हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. गेले तेरा दिवस घरात एकच वाक्य फिरतंय. भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी डोळे पुसते आणि मग म्हणते, "गोळ्या कडू लागत्यात म्हणून टाकल्या म्हनं. हट्टीच हुती." आई मान हलवते. दादा, माझा थोरला भाऊ आणि तुमचा नवरा, सोनं गाळायचं, गलाईचं दुकान तिकडं लांब दक्षिणेत कोइमतूरला बंद ठेवून आलाय. तोही भिंतीला टेकून ऐकतो. आणि तुमची उजी. तेरा वर्षांची पोर, तिनं तुमच्या फोटोकडे अजून बघितलेलं नाही. परवा आई तिला सर्दीची गोळी देत होती. म्हणाली, "घे गं. आईवानी कडू म्हणून थुकू नगंस." उजीनं गोळी घेतली आणि ताडकन म्हणाली, "आईनं खायाला पायजे हुत्या. तिला आमचं काय पडलं न्हवतं."

मी तिथंच बसलो होतो.

वहिनी, तुम्हाला कडू लागत नव्हतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं. आता एकट्याला आहे.

तुमचं दुखणं बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठलं की मुठी वळायच्या नाहीत. भाकरी थापायला बसायचात आणि पीठ परातीत तसंच ठेवून नुसतं बघत राहायचात. आठ-नऊ वर्षांची उजी मळायची, तुम्ही तळव्याच्या कडेनं ढकलत ढकलत भाकरी करायचात, आणि ती नकाशासारखी व्हायची. मी चेष्टा करायचो, "आज कुठलं राज्य हाय ताटात?" तुम्ही हसायचात. मला तेव्हा वाटायचं की तुम्हाला गंमत वाटते.

विट्याच्या डॉक्टरनं संधिवात म्हणून सांगितलं. साताऱ्याच्या एका वैद्याचा लेप झाला, एरंडेल झालं. मग उन्हाळ्यात दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाली चढली. बायका म्हणाल्या, वांग आहे, जायफळ उगाळून लावा. तुमच्या माहेराहून, शिराळ्याहून, तुमच्या आईचा निरोप आला की पंचमीला नागाची पूजा चुकली असेल, त्याचा कोप असेल. तुम्ही निरोप आणणाऱ्याला चहा दिलात आणि म्हणालात, "नाग माझ्या माह्यारचा हाय. त्यो कशाला माझ्या गालाला डसंल?" तुम्ही सापाला भीत नव्हतात. सुईला भ्यायचात. तोवर माझ्याकडून एकदासुद्धा रक्त काढून घेतलं नव्हतंत.

दादा लांब, आई थकलेली, म्हणून तुम्हाला मिरजेला मी घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी गाल बघितले, बोटं दाबली, रक्त आणि लघवी तपासली. आठ दिवसांनी परत बोलावून रोगाचं नाव सांगितलं: ल्युपस. मी ते पिशवीवर पेनानं लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, बाहेरच्या जंतूंशी लढायची जी ताकद असते ती इथं आपल्याच अंगावर उलटते. सांधे, कातडी, कधीकधी मूत्रपिंड. तुम्ही विचारलंत, "म्हंजे घरातल्या घरात भांडान?" बाई म्हणाल्या, "हो, आणि भांडण मिटत नाही, फक्त आवाज कमी ठेवता येतो." उन्हात जायचं नाही, आणि या गोळ्या रोज घ्यायच्या, बंद करायच्या नाहीत.

ती चिठ्ठी मी मिरजेच्या स्टँडवर वाचली. विट्याची गाडी लागायची होती, तुम्ही भडंगाचा पुडा मांडीवर धरून बसला होतात. दोन औषधं होती. एक सूज उतरवायची गोळी, महिन्याभरात कमी करत बंद करायची. आणि दुसरी, रोज एक, जेवणानंतर, पुढं तारीख नाही. तिचं नाव वाचून मला हसूच फुटलं.

"वैनी, ही तर माझ्याच डब्यातली गोळी."

"कुठली?"

"हिवतापाची. क्लोरोक्विन."

मी साताऱ्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा आम्हाला सकाळी रांगेत उभं करून पाठ करून घेतलं होतं. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. चार, चार, दोन. सगळी बॅच एका सुरात म्हणायची. रिकाम्या पोटी देऊ नका, समोर गिळायला लावा, जास्त देऊ नका, वर्षानुवर्षं खाल्ली तर डोळ्याला धोका. हजारो लोकांना मी ही गोळी माझ्या हातानं गिळायला लावली आहे. माझ्या लेखी या गोळीबद्दल मला कळत नाही असं काही उरलंच नव्हतं.

"तुमास्नी हिवताप न्हाई," मी म्हणालो. "असता तर मी वळखला नसता व्हय? आन असला तरी तीन दिसांत दहा. रोज रोज, वर्सभर कोन खातं? डोळं जात्याल."

"डाक्टरीणबाई शिकल्याली हाय, भावजी."

"शिकल्याली हाय, पर गोळ्या म्या वाटल्यात."

तुम्ही भडंगातला एक शेंगदाणा निवडून खाल्लात, थोडा विचार केलात आणि म्हणालात, "बरं. घरचा सरकारी मानूस सांगतोय तर."

वहिनी, हे एवढं वाक्य मला आता झोपू देत नाही. तुम्ही माझ्याशी कधी सरळ बोलला नाहीत, प्रत्येक गोष्टीत फिरकी घेतलीत, आणि ऐकायचं नव्हतं तिथं नेमकं ऐकलंत.

घरी येऊन मी माझ्या डब्यातल्या दहा गोळ्या तुम्हाला दिल्या. डॉक्टरीणबाईंचाही मान राहावा म्हणून. चार, चार, दोन. ती सुजेची गोळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे महिनाभर घेतलीत. चेहरा थोडा सुजल्यासारखा गोल झाला, पण बोटं वळू लागली, गाल उतरले. मी गल्लीभर सांगत फिरलो की दहा गोळ्यांत काम झालं. काम त्या सुजेच्या गोळीनं केलं होतं, आणि ते महिन्यापुरतं होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पाच महिन्यांनी, सुगी आटपत आली तेव्हा, एका सकाळी तुम्हाला उठताच येईना. पाय घागरीसारखे सुजलेले, लघवीला फेस, ताप. मी रक्त घ्यायला बसलो, तर त्या दिवशी तुम्ही नकोही म्हणाला नाहीत. तेव्हा मी घाबरलो. जीप करून मिरजेला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तुमच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरायला वेळ लागला. त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, "गोळ्या चालू होत्या?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पिशवी खांद्यालाच होती, गडबडीत काढायची राहिली होती. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात.

"न्हाई बाई. म्याच टाकल्या. लय कडू लागत्यात."

बाई चिडल्या. कडू म्हणून कोण औषध टाकतं का, लहान आहात का, मूत्रपिंडाला सूज आलीय, कळतंय का तुम्हाला. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मी पण ऐकत होतो. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते: मी थांबवल्या. ते चार वर्षं झाली तरी म्हणायचे राहिले.

बाई गेल्यावर मी तुमच्याजवळ आलो. म्हणालो, "वैनी, असं का सांगितलं?" तुम्ही डोळे मिटूनच उत्तर दिलंत. "मंग काय सांगू? आवं, सात गावची मानसं तुमच्या हातनं गोळी घेत्यात. हिवतापवाल्याला गोळीतलं कळत न्हाई म्हनल्यावर कोन घील? लेकरं मरतील तापानं. मला कडू लागलं म्हनलं तर माझं काय जातंय."

तुमचं काय गेलं ते आता मी बघतोय. तुमचं नाव गेलं. तुमच्या पोरीच्या तोंडातून.

दुसऱ्या दिवशी, तुमचा ताप उतरल्यावर, मी धीर करून बाईंना विचारलं की हिवतापाची गोळी या रोगात करते तरी काय. त्या दिवशी त्यांना वेळ असावा. त्यांनी स्टूल ओढलं. म्हणाल्या, हिवतापात ही गोळी जंतूच्या पोटात जाऊन साठते. इथं ती आपल्याच पेशींच्या पोटात साठते. आपल्या रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात, त्या आजूबाजूचा कचरा गिळतात. पेशीच्या आत बारीक बारीक आंबट पिशव्या असतात, त्यांत तो कचरा पचतो, आणि त्यातला एखादा तुकडा पेशी बाहेर धरून बाकीच्यांना दाखवते: हा बघा, असला चोर शोधा. निरोगी माणसात तो तुकडा स्वतःचाच असेल तर कोणी लक्ष देत नाही. या रोगात त्याच्यावरच हाकाटी उठते, सगळे धावून येतात, आणि जिथं धावून येतात तिथं सूज. ही गोळी त्या पिशव्यांतला आंबटपणा कमी करते. पचन मंदावतं, तुकडे नीट तयार होत नाहीत, दाखवणं कमी होतं, हाकाटी कमी होते. ताकद मरत नाही, नुसता दंगा उतरतो. पण गोळी पेशींत साठायला दोन-तीन महिने लागतात, आणि ती साठलेली ठेवावी लागते.

मला निम्मं कळलं. तुम्ही उशीवरून म्हणालात, "म्हंजे ताक लय आंबू नये म्हणून पानी घालतो तसं."

बाई हसल्या. "अगदी तसं नाही, पण जवळपास."

"मंग रोजच्या रोज घालाय पायजे. एकाच दिशी घागरभर वतून काय हुतंय?"

असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि लगेच खिडकीकडे बघितलंत. चार, चार, दोन. मी घागर ओतली होती. माझ्या सगळ्या ट्रेनिंगला जे कळलं नाही ते तुम्हाला ताकाच्या गाडग्यावरून कळलं, आणि तरी तुम्ही मला टोमणा मारला नाहीत. तुम्ही टोमणा मारला नाहीत असा तो पहिलाच प्रसंग.

मग मात्र तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. मिरजेहून आल्यावर मला म्हणालात, "भावजी, दारात सरकारची चौकट हाय, तशी माझी एक आत काढा." मी चुलीच्या भिंतीवर गेरूनं चौकट काढली. रोज जेवण झालं, गोळी घेतली, की तुम्ही कोळशानं एक रेघ ओढायचात. पंधरवड्याला मी बाहेरच्या चौकटीत सही करून आत यायचो आणि रेघा मोजून तुमच्या चौकटीतही सही करायचो. तुम्ही म्हणायचात, "बगा, नीट मोजा. सायेब येतील तपासाय."

पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. इतर औषधं चालू होती, पण बोटं तशीच. तुम्हीच मला धीर द्यायचात की ताक एका दिवसात आंबलेलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी अंथरुणात होतो आणि आवाज आला. थप थप थप. परातीवर भाकरी थापल्याचा. एका लयीत, न थांबता. किती दिवसांनी तो आवाज घरात झाला होता. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं आणि रडलो, कारण उठलो असतो तर तुम्ही मला पकडलं असतंत. त्या दिवशी भाकरी गोल होती. मी ताटात बघून म्हणालो, "आज कुठलंच राज्य न्हाई?" तुम्ही म्हणालात, "खावा गप." माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, आणि हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं आपल्याला मिळाली. तुम्ही भर थंडीतही छत्री घेऊन बाजाराला जायचात. बायका हसायच्या, तर तुम्ही म्हणायचात, "कोइमतूरच्या शेठाची बायकू हाय, काळी पडले तर नवरा दुसरी करंल." गेल्या वर्षी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत उजीचं भाषण होतं, तेव्हा पटांगणात तुमची एकटीची काळी छत्री उघडी होती. माझ्यासाठी मुली बघायचा सपाटा लावलात. मी प्रत्येकीत खोट काढायचो, तुम्ही चिडायचात. "तुमास्नी ताप येत न्हाई तवर तुमी लगीन करनार न्हाई" म्हणायचात. ते भांडण अर्धंच राहिलं. लोणंदच्या त्या शिक्षिकेचा फोटो अजून माझ्या पिशवीत आहे. बघितला नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं.

आणि सांगलीची डोळ्यांची तपासणी. या गोळीनं डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तिथं जायचं होतं. तुम्हाला भीती नजर जाईल याची नव्हती, गोळी बंद करतील याची होती. तिसऱ्या खेपेला मला शंका आली. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा तुम्ही पुटपुटत होतात, आणि कान देऊन ऐकलं तर तो डोळे तपासायच्या पाटीवरच्या शेवटच्या ओळीतल्या अक्षरांचा पाढा होता. तुम्ही सगळी पाटी तोंडपाठ केली होती. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दुसरी पाटी लावली, पडदा आतून बघितला, तुमचे डोळे चांगले होते. तरी परतीच्या गाडीत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तासगाव गेल्यावर म्हणालात, "एकदा तुमचं ऐकलं, आता माझं मला बघू द्या."

मी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली.

यंदा पावसाळा सरता सरता पायावर सूज परत आली. गोळी चालू होती, रेघा पूर्ण होत्या. मीच मोजल्या होत्या, दोनदा. पण मूत्रपिंडं त्या पहिल्या खेपेला जी दुखावली ती दुखावलीच होती. आता नवा झटका आला. मिरजेच्या त्या नऊ दिवसांत माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. डब्यात गोळ्या होत्या, शेकड्यानं होत्या, आणि त्यांचा आता काडीचा उपयोग नव्हता. तरी मी तो डबा बरोबर ठेवला होता. का, ते मला सांगता येणार नाही.

मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. विचारलं, मधले ते पाच महिने गोळी चालू असती तर? त्या म्हणाल्या, "चालू असती तर झटक्याची शक्यता कमी असते. पण आलाच नसता असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकणार." मला हो हवं होतं किंवा नाही हवं होतं. हो असतं तर मी गुन्हेगार तरी ठरलो असतो. हे मधलंच काहीतरी घेऊन मला आता उरलेला जन्म काढायचा आहे.

सातव्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीवर होतात. मी म्हटलं, "वैनी, तवा स्टँडवर म्या जे..." तुम्ही हात वर केलात. सुजलेला, सलाईनचा हात. म्हणालात, "पानी द्या." मी पाणी दिलं. तुम्ही एक घोट घेतलात, बाकीचं ओठांवरून गेलं. तुम्हाला तहान नव्हती. मला ते कळलं आणि तरी मी गप्प बसलो, कारण गप्प बसणं सोपं होतं. तुम्ही जाताजाताही मला वाट मोकळी करून दिलीत आणि मी त्या वाटेनं निघून गेलो.

आता आजचं सांगतो.

सही करून मी उंबऱ्यावर बसलो. दुपार होती. आई आत पडली होती, दादा माजघरात बॅग भरत होता. चारच्या गाडीनं त्याला निघायचं होतं, दुकान किती दिवस बंद ठेवणार. उजी येऊन शेजारी बसली. म्हणाली, "बापू, ती गोळी दे."

"कशाला गं?"

"किती कडू हाय बघायचंय."

मी नको म्हणालो नाही. डबा उघडला, गोळी मोडली, तुकडा तिच्या बोटावर ठेवला. नुसता जिभेला लाव म्हणालो. तिनं लावला, तोंड वाकडं केलं, ओट्याखाली थुंकली, परकराला जीभ पुसली. मग बराच वेळ बोटावरच्या तुकड्याकडे बघत बसली.

"बापू, आई पाडव्याला माझ्या वाटनीचा बी कडुलिंब खायाची."

"व्हय."

"चावून. तोंड पन वाकडं करायची न्हाई."

"व्हय."

"कारली पिळायची न्हाई. म्हनायची, कडूपना काडला तर मंग खायाचं काय." तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी तुमचे. "मंग आईला गोळी कडू कशी लागली?"

तेरा दिवसांत एवढ्या बायका येऊन गेल्या, वहिनी, एकीला हा प्रश्न पडला नाही. तुमच्याबरोबर पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलेल्या आमच्या आईला पडला नाही. दादाला पडला नाही.

मी म्हणालो, "तिला कडू लागत न्हवती."

आणि मग सगळं सांगितलं. मिरजेचा स्टँड, भडंग, चार चार दोन, पलंगाचा पायथा. माझं झाल्यावर तिनं तो गोळीचा तुकडा परत माझ्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"पप्पांस्नी ठावं हाय?"

"न्हाई."

"आज्जीला?"

"न्हाई."

"पप्पा चारला जानार हायेत," ती म्हणाली. एवढंच.

तुम्ही असतात तर मला अडवलं असतंत. सात गावची माणसं, तापानं मरणारी लेकरं. तुमचं खोटं नव्हतं. उद्या माझ्या हातून कोणी गोळी घेतली नाही तर मी त्यांना काय सांगणार, मला माहीत नाही. पण तुमच्या पोरीनं तुमचं नाव कडू करून घ्यावं आणि मी सरकारी शहाणा म्हणून सही करत फिरावं, हे माझ्यानं होणार नाही. एकदा तुम्ही माझं ऐकलंत. आज मी तुमचं ऐकत नाही.

मी उठून माजघराच्या दारात उभा राहिलो. माझी सावली बॅगेवर पडली. दादानं मान वर न करता विचारलं, "कोन हाय रं दारात?"

या घरात त्याचं उत्तर ठरलेलं आहे, वहिनी: ताप. ते मला देता आलं नाही. मी नुसता आत गेलो, त्याच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं.

चारची गाडी गेली. दादा अजून बॅगेशेजारी बसून आहे. त्यानं माझ्याकडे बघितलेलं नाही, आणि कधी बघेल हे मला सांगता येत नाही. आई उठून बसली आहे, तिला अजून नीट कळलेलं नाही. मी बाहेर ओट्यावर बसून हे लिहितोय. आतून उजीचा आवाज येतोय. ती तुमच्या फोटोपुढं बसली आहे, तेरा दिवसांत पहिल्यांदा रडते आहे, आणि परत परत आजीला एकच सांगते आहे, "आईला कडू लागत न्हवतं, आज्जी. आईला कडू लागत न्हवतं."